प्राण्यांची आसने : आधी बघणे, मग वाकणे



आपल्या शाळांमध्ये प्राण्यांची आसने फार पूर्वीपासून आहेत. हसू नका. वर्गात बोललं की 'कोंबडा हो', गृहपाठ राहिला की पटांगणाला बेडूकउड्या. चाळिशी ओलांडलेल्या कुठल्याही पालकाला विचारा, ही दोन्ही 'आसने' त्याला अजून पाठ असतात. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेवर आणि मानसिक त्रासावर बंदी आणली, हे चांगलंच झालं. पण कोंबडा गेला आणि त्याच्या जागी दुसरं काय आलं, याचा आपण फारसा विचार केला नाही.

आलं ते २१ जून. संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २०१४ मध्ये ठराव केला आणि २०१५ पासून योग दिन सुरू झाला. आपल्याकडे शाळा उघडून आठवडा होतो न होतो तोच हा दिवस येतो. लेकरं अजून सुट्टीतून नीट परतलेली नसतात. मग रांगा, माईक, 'एक, दोन, तीन', भुजंगासन दहा आकडे, फोटो, फोटो ग्रुपवर. सतरंज्या गुंडाळल्या की पुढच्या जूनपर्यंत तो विषय संपला. म्हणजे शाळेत लेकराच्या शरीराला दोनच कामं उरली : आधी शिक्षा भोगणं, आता फोटोत दिसणं. माझं म्हणणं इतकंच की या दोन्हींपेक्षा वेगळं असं काही प्राण्यांच्या आसनांतून करता येतं. त्याला खर्च शून्य आहे आणि जळकोटसारख्या ठिकाणी तर त्याचं साहित्य दारातच बांधलेलं असतं.

जुन्या ग्रंथांकडे एकदा या दृष्टीने बघा. घेरंडसंहितेत म्हटलं आहे की जितक्या जीवांच्या जाती, तितकी आसनं, म्हणजे चौऱ्याऐंशी लाख. त्यातून माणसाच्या उपयोगाची ३२ निवडून दिली आहेत. ती यादी वाचा : सिंह, गोमुख, मत्स्य, मयूर, कुक्कुट, कूर्म, मंडूक, गरुड, वृष, शलभ, मकर, उष्ट्र, भुजंग. कासव आणि बेडूक तर दोन-दोनदा आलेत. जवळपास निम्मी यादी प्राण्यांची! चौऱ्याऐंशी लाख हा आकडा श्रद्धेचा आहे, मोजणीचा नाही, हे मुलांना सांगायला हरकत नाही. पण नाव देणाऱ्यांनी टोळ कसा बसतो, कासव पाय कसे आत घेतं, हे थांबून पाहिलं होतं एवढं तर दिसतं. आज सगळ्यांना माहीत असलेलं अधोमुख श्वानासन मात्र या ३२ मध्ये नाही. ते घराघरात पोहोचलं विसाव्या शतकात, आणि त्यात पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांचा व त्यांच्या १९६६ सालच्या 'लाइट ऑन योगा' या पुस्तकाचा वाटा मोठा. म्हणजे प्राण्याकडे बघून नाव द्यायचं काम जुन्या काळात संपलं असं नाही.

आता भुजंगासनच घेऊ. चौथीच्या वर्गात मी एकदा ते शिकवत होतो. सगळे हातावर जोर देऊन, कोपरं ताठ करून, मान मागे टाकून वर आलेले. एक जण खालूनच म्हणाला, "सर, पण सापाला हात कुठं असतेत?"

शिक्षकाने असा प्रश्न वाया घालवू नये. नाग फणा काढतो तेव्हा शरीराचा पुढचा भाग उचलतो तो पाठीच्या स्नायूंवर. मानेजवळच्या फासळ्या पसरतात, तोच फणा. ढकलायला त्याला हात नाहीतच. मग मी मुलांना सांगितलं, वर आल्यावर तळवे जमिनीपासून बोटभर उचला. निम्मी पोरं धप्पकन खाली! ज्यांची छाती जमिनीपासून चार बोटंच वर राहिली, त्यांचं भुजंगासन खरं होतं. जास्त वर गेलेल्यांची नुसती हातांची कसरत होती. त्या दिवशी वर्गातला सगळ्यात जाड मुलगा, ज्याला एरवी पी.टी.च्या तासाला हसतात, तो चार बोटांवर निवांत टिकला. माझ्या दहा आकड्यांपेक्षा ते दृश्य मुलांना जास्त शिकवून गेलं.

(नाग बघायला मुलांना कुठं नेऊ नका, हे सांगायला नको. चित्र, चित्रफीत पुरते. याच तासाला नागपंचमीचाही विषय निघतो. साप दूध पीत नाही, फणा काढलेला नाग 'डोलत' नसून घाबरलेला असतो, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार त्याला पकडून खेळ करणं गुन्हा आहे. परिसर अभ्यासाचा तास वेगळा घ्यावा लागत नाही.)

मांजराचं बघा. झोपेतून उठली की पुढचे पाय लांब, पाठ खाली. मग पाठ वर कमानीसारखी. मग एकेक मागचा पाय ताणून चालू लागते. कुत्रंही तेच करतं. विज्ञानात याला पँडिक्युलेशन म्हणतात. झोपेत सैल पडलेले स्नायू कामाला लावायची ही शरीराची स्वतःची रीत. माणसाचं लेकरूही सकाळी हेच करतं, आणि त्याला आपण काय म्हणतो? 'आळस देऊ नको.' बघा, भाषेनेच घोटाळा केला. आळस घालवण्याच्या क्रियेला आपण आळस नाव दिलं! मांजराने आळोखेपिळोखे दिले तर कौतुक आणि लेकराने दिले तर सकाळी सकाळी बोलणी. पालकहो, हे मी तुमच्यासाठी लिहितोय. मार्जारासन म्हणजे तीच क्रिया, फक्त भान ठेवून : हात-गुडघ्यांवर यायचं, श्वास घेताना पाठ खाली, सोडताना वर. यातला 'भान ठेवून' हा भाग सोडला तर उरते ती कवायत.

आणि गाय? देवणी आपल्याच जिल्ह्यातला तालुका, त्याच्याच नावाची गोवंशाची जात. पलीकडे कंधारची लाल कंधारी. मुलांना विचारा, गाय उठताना आधी पुढचे पाय उचलते की मागचे? रोज धारा काढणाऱ्या घरातलं लेकरूसुद्धा अडखळतं. दुसऱ्या दिवशी बघून येतं आणि सांगतं : आधी मागचे. पुढच्या गुडघ्यांवर टेकून मागचा भाग वर, मग पुढचे पाय. घोडा उलटा, तो आधी पुढचे पाय रोवतो. मग वर्गात जमिनीवरून गायीसारखं उठून बघायचं, मग घोड्यासारखं. वजन कुठं गेलं? कुठं अडकलं? याला आसन म्हणा न म्हणा. आपलं शरीर उठतं कसं, हे लेकराने आयुष्यात पहिल्यांदा तपासलेलं असतं.

शलभासनाला सोयाबीनच्या रानातला नाकतोडा चालतो, त्याचे मागचे लांब पाय एकदा नीट पाहिले की पुरे. मकरासन मुलांना सगळ्यात आवडतं, कारण त्यात नुसतं पालथं पडायचं असतं. मगर दूरची वाटते, पण आपल्या जिल्ह्यातून वाहणारी मांजरा पुढे तेलंगणात जाते आणि तिथल्या मंजिरा अभयारण्यात मगरी आहेत. उंट मात्र जत्रेतलाच. तेव्हा उष्ट्रासन राहू द्या, त्यात पाठ मागे मोडावी लागते, लहान वर्गांना घाई नको.

बगळ्यावर थोडं थांबतो. मराठीत बिचाऱ्याची फार बदनामी. 'बकध्यान' म्हणजे ढोंग. पण पाण्याच्या कडेला उभा असलेला बगळा खरंच पाहा. त्याचं लक्ष माशावर आहे, देवावर नाही, हे खरं; पण लक्ष आहे, पुरतं आहे. डोळे मिटून 'ध्यान करा' म्हटलं की पहिली-दुसरीची मुलं बोटांच्या फटीतून एकमेकांना बघतात. 'बगळा व्हा, मासा निसटला नाही पाहिजे' म्हटलं की दोन मिनिटं डोळे उघडे ठेवून गप्प उभी राहतात. नंतर काय काय ऐकू आलं विचारा. आमच्याकडे उत्तरं आली : पोषण आहाराची पळी, मोटारसायकल, शेजारच्या वर्गातल्या बाई.

तालमीत जोर काढणारे पैलवान पाहिलेत? कंबर वर, मग छाती जमिनीला घासत पुढे, मग मान वर. कुंपणाखालून मांजर निघावी तशी ती हालचाल. गावात असा एखादा जुना पैलवान असेल तर त्याला एक दिवस शाळेत बोलवा. प्रमाणपत्रवाल्या प्रशिक्षकाइतकंच तो शिकवेल.

एका गोष्टीला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे : स्नेहसंमेलनातलं मयूरासन. टाळ्या पडतात, पालक मोबाईल वर करतात, आणि वर्गातल्या बाकी पस्तीस जणांना कळतं की योग आपला नाही, तो त्या एका लवचीक पोराचा. दोन तळहातांवर अख्खं शरीर तोलणं प्राथमिकच्या मनगटांचं काम नाही. शीर्षासनही नको. आसनांच्या स्पर्धा घेणाऱ्यांचा हेतू चांगला असेल, पण पतंजलींनी आसनाची अट स्थिरता आणि सुख एवढीच सांगितली आहे. त्यात नंबर कुठं बसवायचा?

बाकी व्यवहाराच्या गोष्टी. परिपाठानंतरची दहा मिनिटं पुरतात, आठवड्यातून तीनदा. खिचडीनंतर कधीच नाही. पोट रिकामं किंवा जेवून तीन तास झालेले हवेत. पटांगणावर खडे असतील तर वर्गात सतरंजी टाका. मोठ्या वर्गातल्या मुली गणवेशामुळे संकोचतात, त्या दिवशी सलवार घालून यायला सांगा आणि त्यांची रांग मागे ठेवा. फिट येणारं, ऑपरेशन झालेलं, हर्नियाचा त्रास असलेलं लेकरू कोण, हे पालकांनी आधी कळवावं. त्याला बगळा आणि मकरासन द्यावं. आणि पहिल्या आठवड्यात एकही आसन नको. फक्त रोज एक प्राणी बघून यायचं आणि तो कसा उठला, कसा ताणला, कसा थांबला, हे तीन ओळींत वहीत लिहायचं. त्या वह्या मराठीच्या तासाला तपासल्या तरी चालतील.