ताटातले सांगा, नाव विचारू नका

मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या परिसरात २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. त्यांना अभिवादन करायला दरवर्षी त्या तारखेला माणसे जमतात. एरवी गडावर भटकणाऱ्यांचीही वर्दळ असते. कल्याण-भिवंडीकडची आम्ही मुसलमान मंडळीही जातो. परतीच्या वाटेवर प्रश्न येतो जेवणाचा. धाबे पुष्कळ आहेत, पण चिकन-मटण म्हटले की ‘हलाल आहे का?’ हे विचारावे लागते. विचारणाऱ्याला संकोच, सांगणाऱ्याला अवघडल्यासारखे. म्हणून आमची गाडी बहुतेक वेळा ‘उडुपी, शुद्ध शाकाहारी’ अशा पाटीसमोर थांबते. एका टेबलावर बुरख्यातल्या बायका, शेजारी गंध लावलेले वारकरी, पलीकडे ट्रकचालक. सगळ्यांचे सांबार एकाच पातेल्यातले. कुणी कुणाला काही विचारत नाही.

हे जेवण आपल्याला परकेही नाही. आम्हा कोकणी मुसलमानांच्या घरी सांदण होते. आंबवलेल्या तांदळाच्या पिठात नारळाचा रस घालून ते वाफवतात. इडलीची ती बहीणच. आपले घावन आणि मंगळूरकडचा नीर डोसा यांतही फारसे अंतर नाही. किनारा एकच, म्हणून तांदूळ आणि नारळही तेच.

पण हे टेबल सहज मांडले गेलेले नाही. १९६६ साली शिवसेना स्थापन झाली आणि त्यानंतरच्या वर्षांत मुंबईत दाक्षिणात्यांविरुद्ध वातावरण तापले. उडुपी हॉटेलांवर दगड पडले. आज त्याच मुंबईचा सकाळचा नाश्ता इडली-डोशाशिवाय पुरा होत नाही. दक्षिणेतही सगळे आलबेल नव्हते. मद्रासमध्ये हॉटेलच्या पाटीवर ‘ब्राह्मण’ असे लिहिले जाई. त्याविरुद्ध १९५७ साली पेरियार यांच्या कार्यकर्त्यांना आंदोलन करावे लागले. इडली कशी आहे हे ती पाटी सांगत नव्हती. ती करणाऱ्याची जात सांगत होती.

मला इथेच रेघ ओढावीशी वाटते. ताटात काय आहे हे पाटीने जरूर सांगावे. ‘शाकाहारी’, ‘हलाल’, ‘झटका’, जे असेल ते लिहावे. खाणाऱ्याचा तो हक्क आहे. पण गल्ल्यावर कोण बसला आहे, हे पाटीने सांगायचे कारण नाही.

जुलै २०२४ मध्ये कावड यात्रेच्या मार्गावरील खाद्यविक्रेत्यांनी मालकांची नावे लावावीत, असे आदेश उत्तर प्रदेशात आणि उत्तराखंडात निघाले. सर्वोच्च न्यायालयाने २२ जुलैला त्यांना अंतरिम स्थगिती दिली. कोणते अन्न मिळते ते लिहायला सांगता येईल, नावे लावण्याची सक्ती करता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. मार्च २०२५ मध्ये आपल्या महाराष्ट्रात हिंदू खाटिकांच्या झटका मटणाच्या दुकानांसाठी ‘मल्हार’ प्रमाणपत्र जाहीर झाले. झटका हवा असणाऱ्याला झटका मिळावा, याला माझी हरकत नाही. पण प्रमाणपत्र मांसाचे असावे, विक्रेत्याच्या धर्माचे नसावे.

यावर कुणी म्हणेल, हलालमध्येही कापणारा कोण हे पाहिले जातेच ना? पाहिले जाते. पण ती अट जनावर कापण्यापुरती आहे. भाजी शिजवणारा, चहा वाढणारा, पैसे घेणारा यांच्या धर्माशी तिचा संबंध नाही. तरीही ‘फक्त आपल्याच माणसाच्या हॉटेलात खा, त्यांच्याकडून काही घेऊ नका’ असे निरोप आपल्याही व्हॉट्सअॅप गटांत फिरतात. मुसलमान फळवाल्यावर बहिष्कार टाका म्हणणारा आणि हे निरोप पुढे पाठवणारा, दोघेही एकच रोजगार मोडत असतात. आपण अल्पसंख्य आहोत. अशा हिशेबात सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त तोटा आपलाच होतो. तोटा झाला नसता, तरी ते चूकच होते.

तेव्हा असा निरोप आला की तो पुढे पाठवू नका. पाठवणाऱ्याला नीट समजावून सांगा. आणि सिद्धगडाकडे गेलात, तर आपल्या हिंदू मित्रालाही सोबत न्या आणि परतताना एकाच टेबलावर बसून डोसा खा.