ब्रेक्झिटचा हिशेब : कौल कुणाचा, किंमत कुणाला?

२३ जून २०१६ रोजी ब्रिटनमध्ये सार्वमत झाले. युरोपीय संघातून बाहेर पडावे असे ५१.९ टक्के मतदारांनी सांगितले, राहावे असे ४८.१ टक्क्यांनी. ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन संघातून बाहेर पडला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस युरोपची सामाईक बाजारपेठही त्याने सोडली. निर्णय अमलात आला, तरी वाद मिटलेला नाही. देश कमावला की गमावला, यावर तिथे आजही चर्चा चालू आहे.

आंबेडकरी तरुणांनी या वादाकडे का पाहावे? बाबासाहेब ज्या लंडनमध्ये शिकले, तिथे आज आपल्या वस्त्यांमधली मुले-मुली शिष्यवृत्ती घेऊन, प्रसंगी कर्ज काढून जात आहेत, हे एक कारण. दुसरे कारण अधिक मोठे आहे. विषमतेने पिचलेल्या माणसांचा राग निवडणुकीत कुठे वळवला जातो, हे ब्रेक्झिटमध्ये स्पष्ट दिसते.

बसवरचे आश्वासन

युरोपला आपण आठवड्याला ३५ कोटी पौंड पाठवतो, ते आपल्या सरकारी आरोग्यसेवेला देऊ, असे बाहेर पडण्याच्या बाजूच्या प्रचारकांनी लाल बसवर लिहिले होते. प्रत्यक्षात ब्रिटनला मिळणारी सूट आधीच वजा होत असे, म्हणजे एवढी रक्कम कधी जातच नव्हती. ब्रिटनच्या सांख्यिकी प्राधिकरणाने या आकड्याच्या वापरावर जाहीर आक्षेप घेतला. तरी आकडा लोकांच्या मनात बसला.

कोणी मोठा माणूस सांगतो किंवा सगळे बोलतात म्हणून मानू नका, तपासून पाहा, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. प्रचाराच्या आकड्यांना तीच कसोटी लावायला हवी.

रागाचे कारण खरे होते

बाहेर पडण्याला मत देणाऱ्यांना अडाणी ठरवणे सोपे आहे, पण ते चूक आहे. वेल्समधील ब्लायनाय ग्वेंट हा कोळसा आणि पोलादावर उभा राहिलेला भाग. खाणी बंद पडल्या, पोलादाचा कारखाना गेला. तिथे युरोपच्या निधीतून रस्ते आणि शिक्षणसंस्था उभ्या राहिल्या. तरीही तिथल्या ६२ टक्के मतदारांनी बाहेर पडण्याचा कौल दिला. इमारती आल्या, पण गेलेल्या नोकऱ्यांच्या तोडीचे काम आले नाही. उपेक्षा खरी होती. दोष मात्र लंडनच्या धोरणांऐवजी ब्रसेल्सवर आणि स्थलांतरितांवर टाकला गेला.

त्याचे परिणाम लगेच दिसले. जुलै २०१६ मध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये वंश व धर्मावरून झालेल्या गुन्ह्यांची पोलिसांकडील नोंद आदल्या वर्षीच्या जुलैपेक्षा ४१ टक्क्यांनी जास्त होती.

दक्षिण आशियाई लोकांचीही दिशाभूल झाली. युरोपातून येणारे मजूर कमी झाले की भारत-बांगलादेशातून आचारी आणणे सोपे होईल, असे तिथल्या 'करी हाऊस'वाल्यांना सांगण्यात आले. त्यांच्यातल्या अनेकांनी विश्वास ठेवला. पुढे एप्रिल २०२४ मध्ये कुशल कामगाराच्या व्हिसासाठी किमान पगाराची अट वर्षाला ३८,७०० पौंडांवर गेली. छोट्या खानावळीला आचाऱ्याला एवढा पगार कसा परवडणार?

जमा आणि खर्च

ब्रिटनच्याच अर्थसंकल्पीय जबाबदारी कार्यालयाचा अंदाज असा की, संघात राहिले असते त्या तुलनेत देशाची उत्पादकता दीर्घकाळात ४ टक्क्यांनी कमी राहील. युरोपशी व्यापार करताना आता कागदपत्रे आणि तपासण्या वाढल्या. मोठ्या कंपन्या हा खर्च पेलतात, छोटे निर्यातदार मागे पडतात.

दुसरी बाजूही आहे. ब्रिटनला स्वतंत्र व्यापार करार करता येऊ लागले. २०२५ मध्ये अमेरिकेने आयात शुल्क वाढवले, तेव्हा ब्रिटनवर मूळ दर १० टक्के, तर युरोपीय संघावर १५ टक्के लागला. २४ जुलै २०२५ ला भारताशी करार झाला. त्यात भारतीय पादत्राणांवरचे ब्रिटिश शुल्क शून्यावर आणण्याचे ठरले. कोल्हापुरी चप्पल बनवणाऱ्या आपल्या चर्मकार बांधवांपर्यंत हा फायदा पोचेल का? सहकारी संस्था, कर्ज आणि थेट बाजारपेठ मिळाली तर पोचेल. नाहीतर निर्यातदार कमावेल आणि कारागीर जुन्याच मजुरीवर राबेल.

शिकायला जाणाऱ्यांसाठीही हिशेब दुहेरी आहे. २०२१ मध्ये पदवीनंतर दोन वर्षे कामाची मुभा परत मिळाली. पण जानेवारी २०२४ पासून बहुतेक विद्यार्थ्यांना कुटुंब सोबत नेता येत नाही आणि कामाची मुदत १८ महिन्यांवर आणण्याचाही निर्णय झाला आहे. कर्ज काढण्याआधी हे नियम नीट वाचा.

बहुमत आणि संविधान

या काळात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने दोनदा सरकारला रोखले. २०१७ मध्ये संसदेच्या मंजुरीशिवाय बाहेर पडण्याची प्रक्रिया सुरू करता येणार नाही असे सांगितले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये संसद स्थगित करणे बेकायदा ठरवले. पण बाहेर पडताना युरोपची मूलभूत हक्कांची सनद देशाच्या कायद्यात ठेवली गेली नाही. त्याच काळात, जुलै २०१८ मध्ये, जातिभेदाविरुद्ध स्वतंत्र तरतूद करण्याची योजनाही सरकारने सोडून दिली. युरोपीय कायद्याने ती दिली नव्हती, हे खरे. पण जिथे बहुमताच्या भावनेवर राजकारण चालते, तिथे अल्पसंख्येत असलेल्यांचे हक्क मागे पडतात.

राजकीय समता आली आणि सामाजिक-आर्थिक विषमता तशीच राहिली, तर लोकशाहीचा डोलाराच धोक्यात येईल, असा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत दिला होता. ब्रिटनमध्ये डोलारा कोसळला नाही, पण तडे दिसले.

आपल्याकडेही कुठलासा करार केला किंवा मोडला की देशाचा स्वाभिमान परत येईल, असे सांगितले जाते. तेव्हा तीन प्रश्न विचारूया. आकडा कुठून आला? फायदा कुणाला होणार? आणि चूक निघाली तर किंमत कुणाच्या वस्तीतून वसूल होणार?