चष्म्याचा नंबर आणि लग्नाची तिथि

एका भगिनींनीं आपल्या पुतणीविषयीं विचारणा केली आहे. मुलगी २३ वर्षांची, दोन्ही डोळ्यांस उणे सहाचा नंबर, आणि लग्न मार्गशीर्षांत ठरलेलें. मंडपांत चष्मा नको म्हणून लेसरची शस्त्रक्रिया करून घ्यावी, असें वडील मंडळींचें मत. मुलीच्या वडिलांस ‘लेसिक’ पसंत आहे, आईस ‘स्माईल’. कारण शेजारच्या सुनेनें तीच करविली. मुलीचें स्वतःचें मत मात्र पत्रांत कोठेंच नाहीं, हें आम्हांस सर्वांत अधिक खटकलें.

खरें पाहतां ही निवड बव्हंशीं पारपटल करीत असतें. बाहुलीवरील जो काचेसारखा पडदा, ज्यास डॉक्टर कॉर्निया म्हणतात, तेंच पारपटल. त्याची जाडी मध्यभागीं अवघी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे सुमारें ५४० मायक्रॉन असते. लघुदृष्टि घालविण्याकरितां लेसर त्याचा थोडा अंश काढून त्याची वक्रता कमी करतो. एका नंबरामागें ढोबळ मानानें १५ मायक्रॉन. एक्सायमर लेसरचा हा गुण १९८१ सालीं अमेरिकेंतील आय. बी. एम.च्या प्रयोगशाळेंत तिघां शास्त्रज्ञांनीं हेरला. त्यांपैकीं रंगास्वामी श्रीनिवासन हे मूळचे मद्रासचे. पहिला प्रयोग झाला तो सणाच्या जेवणांतून उरलेल्या टर्की पक्ष्याच्या तुकड्यावर! सोंवळ्यांतल्या वाचकांनीं क्षमा करावी.

तिन्ही रीतींत जुनी ती ‘पीआरके’. तींत पारपटलावरील नाजूक त्वचा दूर करून लेसर चालवितात. ती त्वचा चार-पांच दिवसांत पुन्हां येते. तोंपर्यंत डोळे दुखतात, चुरचुरतात, आणि दृष्टि पुरती स्थिरावण्यास कांहीं आठवडे, क्वचित् महिनेहि लागतात. लेसिकमध्यें सुमारें ११० मायक्रॉनचा पापुद्रा कापून उचलतात, खालीं लेसर चालवून तो परत बसवितात. दुसऱ्या दिवशीं स्वच्छ दिसूं लागतें, म्हणूनच तिची एवढी ख्याति. स्माईलमध्यें पापुद्रा नाहीं. आंतल्या आंत लेसरनें एक पातळ चकती कापून दोन ते चार मिलिमीटरच्या छेदांतून ओढून काढतात. पहिल्या कांहीं महिन्यांत डोळ्यांची कोरड लेसिकपेक्षां कमी जाणवते. कबड्डी-कुस्ती खेळणाऱ्याचा पापुद्रा मार लागून सरकण्याची जी भीति, तीहि येथें नाहीं.

पत्रासोबतच्या कागदांत पारपटलाची जाडी ४९० मायक्रॉन लिहिली आहे. आतां हिशेब करूं. लेसिक केल्यास पापुद्र्याचे ११० व नंबराचे ९० वजा जातां खालीं उरले २९०. बसविलेला पापुद्रा पूर्वीचा भार पुन्हां वाहत नाहीं, म्हणून मोजावयाचें तें हेंच. २५० च्या खालीं कधींच जाऊं नये, असा दंडक आहे. सावध शल्यविशारद ३०० धरून चालतात. पीआरकेमध्यें त्वचेचे ५० व नंबराचे ९० वजा केले तरी ३५० उरतात. स्माईलचें झांकण १२० च्या आसपास असतें, आणि त्याच नंबराला चकती थोडी जाडच निघते. झांकण बरेचसें अभंग राहत असल्यानें हा हिशेब तिला तसाच लावूं नये, असें कांहीं तज्ज्ञ म्हणतात; परंतु पातळ पारपटल पुढें त्या युक्तिवादावर सोडावें, असें आम्हांस वाटत नाहीं. उरलेला थर दुबळा ठरला तर पारपटल हळूहळू शंकूसारखें पुढें येतें, आणि मग दृष्टि चष्म्यानेंहि नीट सुधारत नाहीं.

कांहीं जणांत हा शंकूचा दोष मुळांतच लपलेला असतो. म्हणून पारपटलाचा नकाशा आधीं काढवावा. त्यापूर्वीं मऊ कॉन्टॅक्ट लेन्स निदान दोन आठवडे बंद ठेवाव्या. नाहीं तर मापें चुकतात. दोष दिसला, किंवा गेल्या वर्षांत नंबर वाढला असला, तर कोणतीच रीत नको.

नकाशा निर्दोष निघाल्यास आमचा कौल पीआरकेकडे. पण लग्नापूर्वीं नव्हे. ताज्या डोळ्यांनीं होमाच्या धुरापुढें बसणें कोणासहि सोसणार नाहीं. लग्नानंतर सवडीनें, मुलीची इच्छा असेल तर, करावी. मात्र गरोदरपणांत व अंगावर पाजण्याच्या काळांत नंबर हलतो, तेव्हां ती टाळावी.

वरपक्षास चष्मा ठाऊक आहे काय, हें पत्रांत लिहिलेलें नाहीं. ठाऊक नसेल तर आजच सांगावें. लेसरनें चष्मा जातो, पण लघुदृष्टीचा लांबट डोळा तसाच राहतो. डोळ्याच्या मागील पडद्याची तपासणी बाहुली मोठी करून नियमित चालू ठेवावी लागते, आणि ती सासरीं चोरून कशी होणार? चाळिशीनंतर वाचनाचा चष्माहि बहुधा लागेलच.

शस्त्रक्रिया झालीच, तर पूर्वींचीं व नंतरचीं मापें जपून ठेवावींत. पुढें मोतीबिंदू काढतेवेळीं आंत घालावयाच्या भिंगाचा नंबर ठरविण्यास तीं उपयोगीं पडतात. ते कागद मुलीबरोबर सासरीं द्यावे. माहेरच्या कपाटांत राहूं देऊं नयेत.