आधी साधन ओळखा, मग कड्यावर या
वांगणी–नेरळ–भिवपुरी पट्ट्यातील गिर्यारोहक आणि स्थानिक मार्गदर्शकांच्या संघटनेचे मागणीपत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, ठाणे व रायगड
मा. संचालक, पर्यटन संचालनालय, महाराष्ट्र राज्य
मा. गटविकास अधिकारी, पंचायत समिती, अंबरनाथ
सरपंच व सदस्य, ग्रामपंचायत वांगणी
तसेच या भागात रॅपलिंगच्या सहली काढणारे सर्व आयोजक

विषय : रॅपलिंगसाठी प्रथमच येणाऱ्यांना साधनांचे शिक्षण देणे आणि साधनांची तपासणी बंधनकारक करणे याबाबत.

महोदय/महोदया,

पहिल्यांदा कड्यावरून दोराने उतरणाऱ्या माणसाला आपल्या अंगावर चढवलेले प्रत्येक साधन कशासाठी आहे, ते कुठे दगा देऊ शकते आणि ते नीट लागले की नाही हे कसे पाहायचे, एवढे कड्याकडे नेण्याआधी सपाट जमिनीवर शिकवले गेलेच पाहिजे. ज्याने ते शिकून स्वतः करून दाखवले नाही त्याला उतरू देऊ नये. ही आमची मुख्य मागणी आहे. पुढे जे लिहिले आहे ते तिची कारणे आणि ती अमलात आणण्याच्या वाटा.

पावसाळा सुरू झाला की कर्जत लोकल वांगणी, नेरळ, भिवपुरी रोड या स्थानकांवर तरुण मुलामुलींनी रिकामी होते. कुणी बेडीसगावाकडच्या भगीरथ धबधब्यावर जातात, कुणी भिवपुरीजवळच्या बेकरे धबधब्यावर रॅपलिंगला, पाऊस सरला की कुणी चंदेरीच्या कातळाकडे. यातले बहुतेक जण आयुष्यात प्रथमच हार्नेस पाहत असतात. नाव मोबाइलवर नोंदवलेले असते, पैसे भरलेले असतात, जबाबदारी नाकारणाऱ्या कागदावर पहाटे गाडीतच सही झालेली असते. धबधब्याच्या माथ्यावर रांग लागते. नंबर आला की कुणीतरी कमरेचा पट्टा आवळतो, एक कडी अडकवतो आणि सांगतो, "मागे झुका, घाबरू नका." त्या माणसाला साधनांविषयी मिळालेले शिक्षण तेवढेच. दोर रोखून धरणारा उजवा हात सोडला तर काय होईल हे त्याला कुणी सांगितलेले नसते.

हा प्रकार आम्हाला असह्य वाटतो, कारण याहून कितीतरी जास्त धोक्याच्या खेळांनी ही शिस्त केव्हाच लावून घेतली आहे. पुण्याच्या शीतल महाजन यांच्यामुळे स्कायडायव्हिंग मराठी घरांना माहीत झाले. अमेरिकेत त्या खेळाचा पहिल्या पायरीचा परवाना मिळायला किमान 25 उड्या लागतात आणि मुख्य पॅराशूटची घडी स्वतःच्या हाताने घालून दाखवावी लागते. राखीव पॅराशूट मात्र परवानाधारक तज्ज्ञानेच भरायचे आणि ते वापरले नसले तरी 180 दिवसांच्या आत पुन्हा उघडून भरायचे, असा तिथे कायदा आहे. ठरावीक उंचीखाली माणूस अजून वेगाने कोसळत असेल तर राखीव पॅराशूट आपोआप उघडणारे यंत्रही असते. तरीही नवशिक्याला शिकवतात ते हेच की यंत्र तुझ्या चुकीवरचा शेवटचा उपाय आहे, पाठीवर काय आहे हे तुला माहीत असलेच पाहिजे. विमानात चढण्याआधी तपासणी, उडीआधी पुन्हा तपासणी, आणि ती एकमेकांचीही. इतक्या उंचीवरून उडी मारणाऱ्याकडून जे अपेक्षित आहे, त्यातले काहीच शंभर फुटांच्या कड्यावरून उतरणाऱ्याकडून अपेक्षित नसावे, याला कोणताही आधार नाही. जमिनीवर आपटायला शंभर फूट पुष्कळ होतात.

शिकवायचे तरी काय, असे आम्हाला विचारले जाते. म्हणून ते इथेच लिहितो.

हार्नेस कमरेच्या हाडाच्या वर बसला पाहिजे, नाहीतर उलटे झाल्यावर माणूस त्यातून निसटू शकतो. काही हार्नेसच्या बकलमधून पट्टा एकदा ओवून पुन्हा उलटा ओवावा लागतो. तो उलटा ओवला नाही तर वजन आल्यावर सरकतो, आणि वरून पाहणाऱ्याला मात्र सगळे नीटच दिसते. कॅरॅबिनरवर, म्हणजे जोडणीच्या कडीवर, किलोन्यूटनचे आकडे कोरलेले असतात. सर्वसाधारण कॅरॅबिनर लांबीच्या दिशेने 20 किलोन्यूटन किंवा जास्त, म्हणजे सुमारे दोन हजार किलोचा ताण घेतो. तोच आडवा फिरला तर साधारण 7 किलोन्यूटनवर येतो. हे आकडे वाचायला दहावीचे विज्ञान पुरते. स्क्रू बंद आहे का, हे डोळ्यांनी पाहायचे आणि बोटाने दाबूनही पाहायचे. 'एट' हा इंग्रजी 8 च्या आकाराचा डिसेंडर, म्हणजे दोर अडवून उतरण्याचा वेग आवरणारे साधन, स्वस्त आणि सोपा असतो, म्हणून इथे सर्रास वापरतात. पण कड्याच्या धारेवर घासला की त्यातला दोर वर सरकून फास बसू शकतो आणि उतरणारा मध्येच अडकतो. हे ज्याला माहीत आहे तो धार ओलांडताना घाई करत नाही.

दोराविषयी थोडे विस्ताराने लिहायला हवे. रॅपलिंगला कमी ताणला जाणारा दोर लागतो आणि त्याचे युरोपीय मानक ईएन 1891 आहे. चढाईचा ताणणारा दोर वेगळा, त्याचे मानक ईएन 892. बाजारात ट्रकवर माल बांधायचा नायलॉनचा दोरही जाडीने तेवढाच मिळतो, आणि लांबून पाहणाऱ्या नवशिक्याला तिन्ही सारखेच दिसतात. आपल्या सह्याद्रीचा कातळ बसाल्टचा, त्याची कोर धारदार. ताणलेला दोर त्या कोरेवर डावी-उजवीकडे घासला तर आवरण पाहता पाहता फाटते, म्हणून तिथे गोणपाट किंवा रोप-गार्ड लागतोच. नायलॉन भिजला की त्याची ताकद कमी होते, उन्हाने तो झिजतो, बॅटरीच्या आम्लाने तर वरून काही न दिसता आतून कुजतो. बहुतेक उत्पादक कापडी साधनांना उत्पादनापासून 10 वर्षांहून जास्त आयुष्य देत नाहीत, मग ती वापरलेली असोत वा कपाटात ठेवलेली. उल्हासनगरात जीन्स शिवणाऱ्या कारागिरांचे कौशल्य साऱ्या राज्याला माहीत आहे, आणि तसा हात असलेल्या कुणालाही हार्नेससारखा दिसणारा पट्टा सहज शिवता येईल. पण हार्नेसची किंमत त्याच्या शिलाईत कमी आणि ती शिलाई किती भार घेते याच्या चाचणीत जास्त असते. चाचणीचा शिक्का नसलेला पट्टा कितीही सुबक असला तरी तो माणसाच्या अंगावर चढता कामा नये.

धबधब्यावरचे रॅपलिंग हा कोरड्या कड्यावरच्या रॅपलिंगहून वेगळा विषय आहे, आणि या भागातली सर्वांत मोठी गफलत इथेच होते. कोरड्या कड्यावर दोराच्या टोकाला गाठ मारतात, म्हणजे उतरणारा टोकावरून निसटत नाही. खाली पाण्याचा डोह असेल तर तीच गाठ डिसेंडरमध्ये अडकून माणसाला पाण्यातच धरून ठेवू शकते. तिथे गाठ नको, दोर नेमका पाण्याला टेकेल एवढाच सोडायचा. पाण्याच्या धारेखाली कुणाचे केस किंवा शर्ट डिसेंडरमध्ये अडकला तर तो माणूस लटकल्या लटकल्या पाण्याखाली गुदमरतो. त्याला वर ओढायला वेळ मिळत नाही, म्हणून वरची बांधणी अशी हवी की ताण असतानाही दोर सोडून त्याला तत्काळ खाली घेता येईल. पाण्याच्या आवाजात हाका ऐकू येत नाहीत, म्हणून शिट्टीच्या खुणा आधी ठरवाव्या लागतात. आणि पाणी वाढते. 27 जुलै 2019 ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली, हजारावर प्रवाशांना बाहेर काढावे लागले. या खोऱ्यात पाणी किती लवकर चढते हे वांगणीकरांना वेगळे सांगायला नको, पण मुंबईहून सकाळच्या गाडीने आलेल्याला ते कुणीतरी सांगायला हवे.

आता कायद्याचे. ऑगस्ट 2021 मध्ये राज्य शासनाने साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. जमीन, पाणी आणि हवा या तिन्हींवरचे उपक्रम त्यात येतात आणि आयोजकाने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणे त्यात अपेक्षित आहे. हे धोरण आम्हाला मान्य आहे. आमचे म्हणणे एवढेच की नोंदणी झाली का, हे धबधब्यावर उभ्या असलेल्या माणसाला कळायची सोय हवी. गोव्यात 18 जानेवारी 2025 ला पेडणे तालुक्यातल्या केरी इथे पॅराग्लायडिंग करताना पुण्याची पर्यटक तरुणी आणि चालक दोघेही गेले, तेव्हा व्यवसायाला परवानगी नव्हती ही गोष्ट अपघातानंतर चर्चेत आली. म्हणून नोंदणी क्रमांक जाहिरातीत, पावतीवर आणि जागेवरच्या फलकावर छापणे बंधनकारक करा. क्रमांक नसलेली जाहिरात दिसली की ग्रामपंचायतीला त्या गटाला डोंगराच्या वाटेवरच थांबवण्याचा अधिकार द्या.

प्रत्येक दोराला क्रमांक आणि वही हवी. कधी घेतला, किती वेळा वापरला, कधी तपासला, कुणी बाद केला हे त्या वहीत असावे आणि उतरणाऱ्या कुणीही मागितली तर दाखवावी. वर्षातून एकदा, मे महिन्यात, जाणकार गिर्यारोहकांकडून साऱ्या साधनांची तपासणी व्हावी. बाद दोर तिथेच कापून टाकावा, नाहीतर तो दुसऱ्या गटाच्या पिशवीत जातो.

गटाच्या आकाराची मर्यादा आम्ही हिशेबाने मागतो. सकाळी आठ ते दुपारी तीन, यात दोन तास जमिनीवरच्या शिक्षणाला गेले तर पाच तास उरतात. प्रत्येकाला बारा ते पंधरा मिनिटे धरली तर एका दोरावर वीस-पंचवीस माणसे उतरतात. यापेक्षा जास्त माणसे घेणारा आयोजक शिक्षणाचे दोन तास तरी खातो किंवा तपासणीची मिनिटे तरी.

एक मागणी कदाचित अनपेक्षित वाटेल, पण आम्ही तिच्यावर ठाम आहोत. कड्याच्या टोकावरून परत फिरणाऱ्याला पूर्ण पैसे परत मिळाले पाहिजेत आणि ही अट पावतीवर छापलेली असली पाहिजे. दीड-दोन हजार भरलेले आहेत, मित्र मोबाइल रोखून उभे आहेत, अशा वेळी "माझे बकल मला बरोबर वाटत नाही" म्हणायला फार धैर्य लागते. ते धैर्य स्वस्त करणे आयोजकाच्या हातात आहे.

नवशिक्यांकडेही आमचे मागणे आहे. जबाबदारी आयोजकाची असतेच, कागदावरच्या सहीने ती संपत नाही. तरीही दोरावर तुम्ही एकटेच असता. उत्पादनाचे वर्ष विचारा. नोंदणी क्रमांक विचारा. वर स्वतंत्र बिलेचा, म्हणजे तुम्हाला वरून सांभाळणारा, दुसरा दोर आहे का आणि तो वेगळ्या अँकरला बांधला आहे का, हे स्वतः पाहा. केस बांधा, अंगठी काढा, दमा किंवा फिट येत असेल तर लपवू नका, आदल्या रात्री प्यायला असाल तर येऊ नका. बकल, कॅरॅबिनर, डिसेंडर आणि हेल्मेटचा पट्टा हे चार स्वतः तपासून मग जोडीदाराचे तपासा. उत्तर न देणारा मार्गदर्शक भेटला तर तिथूनच परत फिरा. आमच्या सभासदांपैकी कुणी उत्तर द्यायला कंटाळला तर संघटनेला कळवा, त्याला आम्ही दोराला हात लावू देणार नाही.

दरवर्षी पावसाळ्यात धबधब्यांवर जमावबंदीचे आदेश निघतात. पूर्वी कलम 144 होते, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 163. भुशी धरणाच्या मागच्या बाजूला 30 जून 2024 ला एकाच कुटुंबातली माणसे वाहून गेली, त्यानंतर प्रशासनाला कठोर व्हावे लागले हे आम्ही समजतो. पण सरसकट बंदीने नोंदणी केलेला आयोजक घरी बसतो आणि नोंद नसलेला मागच्या वाटेने माणसे नेतोच. वांगणी ठाण्यात, शेलूपासून रायगड. एका बाजूला बंदी आली की गर्दी पुढच्या स्थानकावर उतरते. दोन्ही जिल्ह्यांनी एकत्र बसून एकच यादी करावी: कोणत्या जागा कायम बंद, कोणत्या फक्त नोंदणीकृत गटांना खुल्या, आणि कोणत्या इशाऱ्याला साऱ्याच बंद.

बचावासाठी आज लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र किंवा खोपोलीचे यशवंती हायकर्स यांच्याकडे धाव घ्यावी लागते. ते स्वयंसेवक येतातही, पण त्यांना पोहोचायला लागणारा वेळ जखमीकडे नसतो. वांगणी आणि बेडीसगावच्या पंधरा-वीस तरुणांना दोराने बचाव आणि प्रथमोपचार यांचे प्रशिक्षण शासनाच्या खर्चाने द्या. स्ट्रेचर आणि बचावाचा दोर वांगणीतच ठेवा. पाड्यांवरची मुले या वाटा आपल्यापेक्षा चांगल्या ओळखतात. आज त्यांच्या वाट्याला फक्त वाट दाखवणे आणि चहा-भजी येते, त्यांना मार्गदर्शकाचे प्रमाणपत्र मिळाले पाहिजे.

साधनशिक्षणाचे वर्ग वांगणीत राहणाऱ्या दृष्टिहीन बांधवांनाही खुले असावेत. दोराच्या आत पोकळी झाली आहे का, हे तो इंचाइंचाने बोटांतून सरकवूनच कळते. तपासणीच्या या कामात त्यांना मानधनावर घ्यावे, असा आमचा प्रस्ताव आहे.

या मागण्यांवर मे महिना संपण्यापूर्वी वांगणी ग्रामपंचायत कार्यालयात दोन्ही जिल्ह्यांच्या प्रतिनिधींसह बैठक बोलवावी, ही विनंती. बैठकीला आमचे सभासद आपले दोर, हार्नेस आणि वह्या घेऊन येतील, आणि पहिली तपासणी आमच्याच साधनांची व्हावी.

आपले,
संघटनेचे पदाधिकारी व सभासद
वांगणी, ता. अंबरनाथ, जि. ठाणे