कोंबडीचं हाड आणि कांडवेल

अमरावतीत राजापेठेपासून बडनेऱ्यापर्यंत कुठल्याही पोल्ट्रीवाल्याला विचारा, लंगडणाऱ्या पिलांचा अनुभव तो सांगेल. त्यावर हर्बल टॉनिक सुचवणारेही भेटतात. त्यातली कांडवेल आपल्याला नवी नाही. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात ती हाडं सांधणारी म्हणून आली आहे. १९६०च्या दशकात बनारस हिंदू विद्यापीठात उडुपा आणि प्रसाद यांनी मोडलेल्या हाडांवर तिचे प्रयोग केले. पण मोडलेलं हाड सांधणं वेगळं आणि वाढत्या पिलाचं हाड मुळात भक्कम घडणं वेगळं.

हाड कमजोर का पडतं, याचा शोध शंभर वर्षांपूर्वीचा. विस्कॉन्सिनमध्ये हार्ट, हॅल्पिन आणि स्टीनबॉक यांनी १९२०च्या सुमारास बंद जागेत वाढलेल्या पिलांच्या अधू पायांचा अभ्यास केला. कॉड माशाच्या तेलाने आणि उन्हाने ती सुधारतात, हे पुढे कळलं. कारण निघालं जीवनसत्त्व डचा अभाव. त्यानंतर पक्षीच बदलला. १९५७च्या वाणाची कोंबडी ५६ दिवसांत सुमारे ९०० ग्रॅमची व्हायची, २००५च्या वाणाची चार किलोंच्या पुढे गेली. मांसाच्या वेगाला हाड पुरं पडत नाही. अंडी देणारीचं दुखणं आणखी वेगळं. एका कवचात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम जातं आणि खाद्यातून ते पुरलं नाही, तर ती स्वतःच्या हाडातून काढून देते.

वनस्पतीतून खरंच मदत मिळते का? मिळते, आणि धोक्यासकट मिळते. बागेतला दिनका राजा, सेस्ट्रम डाययुर्नम, याच्या पानांत जीवनसत्त्व ड३ची क्रियाशील रूपं असल्याचं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या प्रेमा आणि रघुरामुलू यांनी १९९४मध्ये दाखवलं. हाच पाला अति खाल्लेल्या गुरांच्या रक्तवाहिन्यांत चुना साचतो. म्हणजे औषध आणि विष यांच्यात फरक फक्त मात्रेचा. मात्रा न सांगता विकलेली बाटली मला म्हणूनच मान्य नाही.

वऱ्हाडाची खरी गरज आणखी साधी आहे. आपलं सोयाबीन कोंबडीच्या खाद्याचा कणा, पण त्यातला बराचसा फॉस्फरस फायटेटमध्ये अडकलेला असतो आणि कोंबडीला तो पचत नाही. फायटेट फोडणारं फायटेज, डायकॅल्शियम फॉस्फेट (डीसीपी), शिंपल्यांचा चुरा, ड३ हे हिशेबाने दिल्याशिवाय कुठलीही वेल पायात बळ आणणार नाही. ज्या शेडमध्ये हे चुकतं, तिथे टॉनिकचा खर्च शेतकऱ्याच्या खिशातून व्यर्थ जातो.

कांडवेलीला न्याय द्यायचा असेल तर तिची परीक्षा अकोल्याच्या पशुवैद्यक संस्थेत व्हावी. एका गटाला ती, दुसऱ्याला नुसतं पूर्ण खाद्य. मग नडगीच्या हाडातली राख मोजा, ते किती भाराला मोडतं ते पाहा. तो आकडा बाटलीवर छापा आणि मग किंमत मागा.