खटपट्यांचा कोपरा : जाड तार दूर, बारीक तार जवळ



शहागंजच्या सातवीतल्या एका मित्राचं पत्र आलंय. मामानं त्याला जुनी इलेक्ट्रिक गिटार दिली. स्नेहसंमेलन तोंडावर आलं आणि जाड तारा नुसत्या ढणढणतात, बारीक तारा ऐकूच येत नाहीत! "गुरुजी, गिटार बिघडली का? नवी घ्यायला बाबा नाही म्हणतात."

अरे, नवी कशाला? आधी पेचकस घे!

तारांखाली लांबट पट्टी दिसते, ती 'पिकअप'. तिच्यात चुंबक असतात आणि त्यांच्याभोवती तांब्याच्या अतिबारीक तारेचे हजारो वेढे. पोलादी तार चुंबकासमोर थरथरली की वेढ्यांत इवलीशी वीज तयार होते. मायकेल फॅरडेनं १८३१ मध्ये शोधलेलं तत्त्व ते हेच. नायलॉनच्या तारेपुढे मात्र हा पिकअप मुकाच!

जाड तारेत पोलाद जास्त, तिचा झोकाही मोठा. म्हणून तिचा आवाज वरचढ होतो. तेव्हा पिकअप जरा तिरका ठेवायचा.

१. जाड तार शेवटच्या पडद्यावर दाबून धरा. तारेची खालची कड आणि चुंबकाचा माथा यांतलं अंतर पट्टीनं मोजा. ते सुमारे अडीच मिलिमीटर असावं.

२. बारीक तारेखाली तेच अंतर दोन मिलिमीटरच्या आसपास ठेवा. गिटारीगणिक थोडा फरक पडतो.

३. पिकअपच्या दोन्ही टोकांना पेच असतात. बहुतेक गिटारींत पेच आवळला की ती बाजू वर येते, सैल केला की खाली जाते. पाव फेरा फिरवा, वाजवा, ऐका. घाई नको.

फार जवळ आणलंत तर चुंबक तारेलाच ओढतो. मग सूर लटपटतो आणि लवकर विझतो.

आपल्या मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची जवारी लावताना असंच करतात. प्रत्येक तारेखालचा दोरा केसभर सरकवतात आणि कानानं ठरवतात. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते अशाच हातांमुळे.

पालकांनो, पेच मुलांना फिरवू द्या. अॅम्प्लिफायरचा डबा मात्र उघडू देऊ नका.

घरी गिटार नाही? मग चुंबक टाचणीजवळ हळूहळू न्या. किती मिलिमीटरवर टाचणी उडी मारते, ते वहीत लिहा आणि आम्हाला कळवा!