नकाराचा अधिकार

आपल्याला जे सत्य वाटते ते इतरांना सांगावे, ही मनुष्याची स्वाभाविक ऊर्मी आहे. त्या ऊर्मीतूनच कीर्तने झाली, प्रवचने झाली, शास्त्रार्थ झाले. त्यामुळे श्रद्धेविषयी बोलणे हाच अपराध मानणे भारतीय परंपरेला कधीच मान्य होणार नाही. मात्र हे सांगणे उपद्रव केव्हा ठरते आणि बळजबरी केव्हा, याचा विचार वारंवार करावा लागतो.

६ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत ‘प्रचार’ या शब्दावर मोठी चर्चा झाली. लोकनाथ मिश्र यांनी त्याला विरोध केला, तर कन्हैयालाल मुन्शी यांनी समर्थन. अखेर तो शब्द संविधानाच्या अनुच्छेद २५ मध्ये कायम राहिला. पुढे १९५४ मध्ये तत्कालीन मध्य प्रदेश शासनाने नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनरी कार्याच्या चौकशीसाठी समिती नेमली. शाळा, रुग्णालये आणि कर्जवाटप यांचा उपयोग धर्मांतरासाठी होत असल्याचा निष्कर्ष समितीने १९५६ मध्ये मांडला. त्यावर तीव्र वादही झाला. ओरिसा आणि मध्य प्रदेश यांनी १९६७-६८ मध्ये केलेले कायदे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात वैध ठरवले. आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे, पण दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा मूलभूत अधिकार कोणालाही नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. कारण सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य जसे सांगणाऱ्याला आहे, तसेच ऐकणाऱ्यालाही आहे.

तत्त्व स्पष्ट झाले. ते व्यवहारात कसे लावावे? ग्रीसमधील दोन खटले या दृष्टीने उद्बोधक आहेत. तेथे धर्मांतराचा प्रयत्न हा १९३८ पासून गुन्हा होता. यहोवाचे साक्षीदार या पंथाचे मिनोस कोक्किनाकिस यांनी एका गृहिणीच्या घरी जाऊन आपल्या पंथाविषयी चर्चा केली, म्हणून त्यांना शिक्षा झाली. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १९९३ मध्ये ती शिक्षा अन्याय्य ठरवली. १९९८ चा लारिसिस खटला मात्र वायुसेनेतील अधिकाऱ्यांचा होता. त्यांनी नागरिकांना केलेला उपदेश न्यायालयाने क्षम्य मानला. हाताखालच्या सैनिकांना केलेल्या उपदेशाबद्दलची शिक्षा मात्र योग्य ठरवली. उपदेशक तेच होते, पंथही तोच. परंतु नागरिकाला पाठ फिरवता येत होती. सैनिकाला वरिष्ठापुढून उठून जाता येत नव्हते.

सीमारेषा नेमकी येथे आहे. ऐकणाऱ्याला निर्भयपणे ‘नको’ म्हणता येते का? रुग्णशय्येवरील आजारी माणूस उपचार करणाऱ्याला काय उत्तर देणार? कर्जाने पिचलेला वनवासी सावकाराला कसा नकार देणार? शाळकरी मुलाने शिक्षकाशी वाद घालावा काय? संविधानकारांना याची जाणीव होती. म्हणूनच शासनमान्य वा अनुदानित शाळेत संमतीवाचून, अज्ञान विद्यार्थ्याच्या बाबतीत पालकांच्या संमतीवाचून, धार्मिक शिक्षण वा उपासना लादता येणार नाही, अशी तरतूद अनुच्छेद २८ मध्ये आहे. सेवा ही पुण्यकर्म आहे. पण सेवेचे मोल श्रद्धेच्या रूपाने मागितले, की तो सौदा होतो.

हा निकष सर्वांना सारखाच लागू व्हायला हवा. दहा तरुणांनी दुकानदाराला घेरून वर्गणीची पावती फाडली, तर त्याला दान म्हणता येत नाही. भोंगा मशिदीवरचा असो, चर्चमधला असो वा उत्सवाच्या मंडपातला. परीक्षार्थी विद्यार्थ्याला आणि अंथरुणावरच्या वृद्धाला त्यापासून पळ काढता येत नाही. चेन्नईतील एका चर्चच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये हेच सांगितले. ध्वनिवर्धक हा धर्माचा अनिवार्य भाग नाही, असे मुंबई उच्च न्यायालयानेही जानेवारी २०२५ मध्ये बजावले. दुसऱ्याच्या आमिषावर बोट ठेवणाऱ्या समाजाने स्वतःच्या गोंगाटाकडेही पाहिले पाहिजे; एरवी त्याच्या तक्रारीला नैतिक बळ उरत नाही.

न्यायशास्त्राने चर्चेचे वाद, जल्प आणि वितंडा असे तीन प्रकार मानले. वाद सत्याच्या शोधासाठी, जल्प केवळ विजयासाठी आणि वितंडा निव्वळ खंडनासाठी. धर्मप्रसाराला वादाची पायरी सोडून खाली उतरण्याची गरज पडू नये. ज्याचा आपल्या सत्यावर विश्वास आहे, त्याला श्रोत्याच्या नकाराचे भय कशाला?